कोरडा पंप

“ह्यानंच मारलं गजाला, जमादारसाहेब! आता वाट कसली बघताय? घाला बेडी!” आबाजी मुकादम पंपघराच्या दारातूनच ओरडला.

भिवाजी खाली मान घालून उभा होता. पाताळगंगेचा गाळ गुडघ्यापर्यंत तसाच वाळलेला. कामावरनं धरून आणताना त्याला पाय धुवायलाही कुणी उसंत दिली नव्हती. आबाजीला त्याची काडीची कीव येत नव्हती. हे बेणं एकदाचं खालापूरच्या कोठडीत जाऊन पडलं, की आपण सुखानं भाकर खाऊ, असं त्याला झालं होतं.

आठ दिवसांपूर्वी गजा फिटर इथंच गेला. कारखान्याला नदीचं पाणी चढवणारा हा मोठा पंप. तो बंद करून गजा काम करत होता. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून जी दोरी भरतात, ती तो बदलत होता. कुणीतरी पंप सुरू केला. सदऱ्याची बाही दांड्यात गुंडाळली आणि माणूसच ओढला गेला. बाकीचं सांगायला नको.

यंत्रात हात घालायचा, तर आधी फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचा, हा पंपघराचा नेम. गजानं तो पाळला होता. फ्यूज त्याच्या खिशातच सापडला. म्हणजे कुणीतरी दुसरा फ्यूज आणून बसवला आणि मग खटका दाबला.

“पंपावर हात बसलेल्या माणसाचंच हे काम,” इंजिनियर गोपाळकृष्ण दात्ये म्हणाले. “आमचा पंपवाला तर त्या दिवशी शिळफाट्याला घरी तापानं फणफणला होता. जमादारांनी जाऊन खात्री केलीय.”

“मग हाच की! पंपवाल्याच्या मागं मागं असायचा हा. बघून बघून सगळं शिकला. दिसतो गरीब, पण पोटात एक नि ओठात एक! त्या दिवशी इथनं पळताना मी बघितला ह्याला. ह्या डोळ्यांनी!”

“खोटं हाय, सायब,” भिवाजी पुटपुटला. “मी नदीतल्या नळाच्या तोंडावरच्या जाळीचा गाळ काढणारा. मला पंपातलं काय ठावं?”

“आणि गजानं तुझ्या कानाखाली वाजवली होती, ते बी खोटं का रं?”

“ते खरं हाय.” भिवाजीनं पहिल्यांदाच मान वर केली. “पंप चालू असताना जाळीपाशी उतरलो, म्हणून मारलं. पाण्याच्या ओढीनं पाय आत गेला असता माझा. माझ्या भल्यासाठीच मारलं त्यांनी. सायबांस्नी सांगतो म्हणाले, हे परत होता कामा नये.”

“पंप चालू असताना तुला तिथं उतरवला कोणी?” जमादारानं विचारलं.

 भिवाजीची नजर मुकादमाकडे गेली.

आबाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्याकडं काय बघतो रं, मुडद्या? कामाच्या नावानं बोंब, नि वर मुकादमावर घालतो?”

“आबाजी, तुम्हाला पंपातलं काही कळतं का?” दात्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“माझा काय संबंध, साहेब? मी माणसं हाकणारा. उभ्या जन्मात यंत्राला हात लावला नाय. पाणी कुठनं येतं नि कुठं जातं, देव जाणे!”

“बरं. भिवाजी, पंप सुरू कर.”

भिवाजीला दरदरून घाम फुटला. तो पंपाभोवती नुसताच फिरला. शेवटी जमादारानं खटका दाखवला, तेव्हा सापाच्या शेपटीला लावावा तसा त्यानं हात लावला. पंप घरघरला.

“सोंग करतंय, साहेब! नाटकी!” आबाजी हसला. आता हा काही सुटत नाही, म्हणून त्याला मनातून बरं वाटलं.

पण ते हसू फार टिकलं नाही. पंपाचा आवाज पोकळ येत होता. पाण्याचा दाब दाखवणारा काटा जागचा हलत नव्हता. मग कळवळल्यासारखी एक किंकाळी निघाली आणि चढतच गेली. दांड्यापाशी जळका वास सुटला, धुराची रेघ उठली. लढाई संपून वर्ष झालं तरी विलायतेहून सुटे भाग येत नव्हते. हा पंप गेला असता तर कारखाना बंदच.

दात्ये हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते. जमादार मिशीवरनं बोट फिरवत होता. भिवाजी कानात बोटं घालून दाराकडे सरकला. “आई गं! फुटतंय की काय हे!”

आबाजीच्या कपाळाची शीर उडायला लागली. ह्या लोकांना कान आहेत की नाहीत? तो आवाज त्याच्या दातांत शिरला. एवढं सोन्यासारखं यंत्र, आणि ही माणसं ठोंब्यासारखी बघत उभी! बघवेना त्याला.

भिवाजीला धक्का मारून तो पुढं झाला. खटका पाडला. पंप गरगरत थांबला. आबाजीनं वर जाणाऱ्या पाण्याची झडप भराभर फिरवून बंद केली. उलटा हात दांड्याच्या आधाराला लावून किती तापलाय ते बघितलं. मग पंपाच्या डोक्यावरची चिमुकली तोटी दोन बोटांनी उघडली आणि तिच्याशी कान नेला. आतनं नुसती गरम हवा.

“पाणीच नाय भरलं ह्यात!” तो दात्यांवर खेकसला. “हवा न काढता, पाणी न भरता फिरवताय? दांडा जळून जाईल की!”

 आबाजीनं मान वर केली. दात्ये बघत होते, जमादार बघत होता, आणि दोघांचीही नजर भिवाजीवर नव्हती.

“पाणी सकाळीच मी काढून टाकलं होतं,” दात्ये म्हणाले.