अळीला तोंड फुटलं

"जेलीफिशची अळी आधी मोकाट पोहत फिरते," मी जेवता जेवता मोठ्यानं वाचत होते. "मग एखाद्या खडकाला चिकटते."

"बघ, अळीसुद्धा चिकटते!" बाबा दादावर घसरले. "तू कधी चिकटणार नोकरीला?"

मी आवाज चढवला. "तोवर तिला तोंड नसतं. चिकटल्यावर फुटतं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, आठवड्यापूर्वीच चिकटलोय मी. ऑफिसात नाही, तलावावर. पोरांना पोहायला शिकवतो."

बाबांचा घास हातातच राहिला. "मग आठवडाभर मूग गिळून का बसला होतास, गाढवा?"

आई माझ्याकडे वळली. "जेवताना तरी पुस्तक ठेव गं!"

"आई, उद्या पेपर आहे!"

गणिताचा आहे, एवढं फक्त सांगितलं नाही.