सहाशे मैलांची धूळ

माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, मोटरसायकल पिकअपमागच्या ट्रेलरवर चढवली, चार पट्ट्यांनी करकचून आवळली आणि वर माझी गोधडी पांघरली. मिनेसोटापासून साउथ डकोटापर्यंत दर पन्नास मैलांवर थांबून पट्टे तपासले. मी लघवीला थांबायचं म्हटलं की मात्र, "उशीर होतोय, जोलीन!"

मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्यात ट्रेलरवरून गाडी आणणाऱ्याला कुत्रंही विचारत नाही. म्हणून गावाबाहेर पेट्रोल पंपामागे त्याने ती उतरवली, जाकिटाला मूठभर माती चोळली आणि धडधडत गावात शिरला. मागून पिकअप घेऊन मी.

बारच्या दारात एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "लांबून आलास?"

"सहाशे मैल, नुसता वारा खात," व्हर्लिन म्हणाला. "कंबरेचा पार भुगा झालाय."

म्हाताऱ्याची नजर हँडलवर गेली. तिथे ट्रेलरचा एक पट्टा लोंबत होता. व्हर्लिन पांढराफटक पडला.

म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघितलं, पट्टा झटकन सोडवून त्याच्या हातात कोंबला आणि कुजबुजला, "पुढच्या वर्षी चर्चमागे उतरव, गाढवा. तिथली माती जाकिटावर झकास बसते."