रोजची गोळी

सर्जनबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "रक्त अजून पातळच आहे. गोळी पाच दिवसांपूर्वी बंद केली होती ना?"

"हातसुद्धा लावला नाही," पलंगावरचा नळ-पाइपांचा फिटर म्हणाला. निळा गाऊन चढवून, छातीवरचे केस काढून तो सकाळी सहापासून तयार बसला होता. शेजारी त्याची बायको उभी होती.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हाच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "एक दिवस जरी गोळी चुकली, तर रक्ताची गाठ होऊन झडप अडकेल. हे तुमच्यावर सोपवतोय." तिने एक दिवस चुकवला नव्हता. स्वतःची आई गेली त्या दिवशीही नाही. आता दुसरी झडप आकसली होती. "एक व्हॉल्व बदलला की शेजारचा रुसतोच," असं तो चारचौघांत हसत सांगायचा, पण जिना चढताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. छाती पुन्हा उघडायची, म्हणून गोळी बंद आणि तिच्याऐवजी पोटात इंजेक्शनं. सगळं नीट समजावलं होतं. पण अकरा वर्षांची धास्ती अशी समजावून जाते थोडीच.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मीच देत होते. रोज दुधात कुटून. त्यांना ठाऊक नाही."

सर्जनबाई रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या.

"आज छाती उघडली असती तर रक्त थांबलंच नसतं, बाई. आता पुन्हा पाच-सहा दिवस थांबायचं. आणि ही दुसरी झडप तेवढं थांबेल, असं मी सांगू शकत नाही."

त्या गेल्या. खोलीत त्याच्या छातीतल्या धातूच्या झडपेची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ती पलंगाच्या कडेला टेकली. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत होईना.

"माझी अक्कल शेण खायला गेली होती. माझ्या हातानं जीव घेतला असता तुमचा."

तो गाऊनची नाडी बोटाला गुंडाळू लागला.

"पेल्याच्या तळाशी गोळीचं पांढरं राहायचं," तो खाली बघत म्हणाला. "मी थोडं पाणी घालून, विसळून प्यायचो."