गालावरचा चट्टा

“डोळे मीट. कापूस लागला की तिथं बोट ठेव,” डॉक्टर मार्थाबाई म्हणाल्या.

सगुणानं डोळे गच्च मिटले. शिरूरच्या मिशन दवाखान्याबाहेर तिच्या नवऱ्यानं, गेणबानं, बैलगाडी जुंपूनच ठेवली होती. बाईंनी मान हलवली, की गाडी वडगावला माघारी जाणार नव्हती. थेट महारोग्यांच्या आश्रमाची वाट धरणार होती.

गेल्या शिमग्याला तिच्या गालावर गोल चट्टा उठला. फिरतीवर आलेल्या डॉक्टरानं जीपमधून न उतरताच सांगून टाकलं, “महारोग!” झालं! सगुणाची रवानगी मळ्यातल्या छपरात, एकटीची. सासू बयाबाई रोज बांधावर भाकरी ठेवायची आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडायची, “म्होरं येऊ नगंस! हाय तिथंच थांब!”

गालावर काहीतरी हुळहुळलं. सगुणानं झटकन बोट ठेवलं. पुन्हा हुळहुळलं, पुन्हा बोट.

“खाज सुटते का गं?”

“लई! खाजवून खाजवून जीव जातुया.”

मार्थाबाई चक्क हसल्या. आणि त्यांनी तो चट्टा उघड्या बोटांनी चाचपला! इतक्या महिन्यांत आपल्याला शिवलेला हा पहिलाच हात, असं वाटून सगुणाला रडूच फुटलं.

“उघड डोळे. महारोगाचा चट्टा बधिर असतो, बाई. तुझं हे साधं गजकर्ण आहे. इतके दिवस उगाच भोगलंस! मलम देते, लावायचं आणि आपल्या घरात राहायचं. अंगाला अंग लागून पसरतं मात्र. घरात आणखी कुणाला झालंय?”

“कुनाला व्हईल?” सगुणा डोळे पुशीत म्हणाली. “मला हात कोन लावतंय?”

गाडीतून सोबत आलेली बयाबाई दाराशी उभी होती, ती पुढं आली. खाली मान घालून तिनं चोळीची बाही वर सरकवली. दंडावर तसंच गोल, लालसर कडं होतं.

सगुणा बघतच राहिली. “आत्याबाई, तुम्हाला कसं?”

“दिसा गाव बघतं गं. तू झोपलीस की येत व्हते. तुझं डोकं दंडावर घिऊन पडायचे. तू मढ्यावानी झोपतीस, तुला काय कळतंय!” बयाबाईनं पदरानं नाक पुसलं. “हे उठलं तवा वाटलं, मलाबी महारोग लागला. म्हनलं, बरं झालं. आता दिसाउजेडी पोरीपाशी ऱ्हाता यील.”