आयेच्या कमरेसाठी

"सगळी खाली उतरा बघू," हवालदार गुरुदास म्हणाला आणि सावित्रीला तो माणूस तिथल्या तिथे नावडला.

देवदर्शन आटपून गोव्याहून घरी निघालेली माणसं ती. पुढे तिचा मुलगा जितेंद्र स्टिअरिंगवर, शेजारी सून विनीता. मागे सावित्री आणि तिच्या दोन बाजूंना शेजारच्या शेवंती, किशोरी. दोघीही अंगाने चांगल्या भरलेल्या. बांद्याजवळच्या या नाक्यावर गोव्याची दारू पकडतात, हे तिला ठाऊक होतं. पण मांडीवर प्रसादाची पिशवी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईला उन्हात उभं करायचं म्हणजे काय?

उतरली ती, पण मान ताठ ठेवून. गाडी तिची होती.

खरोखरच तिची. काजूच्या बागेतून घराकडे जाणारी वाट जांभ्याची, नुसते खड्डे आणि दगड. साधी गाडी तिथे पोट घासून अडकते. म्हणून जितेंद्रने जुनी फोर बाय फोर घेतली आणि कागदांवर आईची सही घेतली. "तुझ्याच नावार घेतलंय, आये. तुझो मान." सावित्रीला आभाळ ठेंगणं झालं. चारही चाकांखाली लिंबं तिनेच ठेवली, देवाला गाऱ्हाणं घालायला गावचा मानकरी गावकार बोलावला. पुढे महिनाभर, ज्यांचे मुलगे गणपतीला तोंड दाखवून मुंबईला पळतात त्या बायकांना मुद्दाम गाठून तिने ही गोष्ट ऐकवली.

पहिल्याच फेरीत मात्र तिची कंबर धरली. मागच्या स्प्रिंगा कडक, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. जितेंद्रने दुसऱ्या दिवशी गाडी सावंतवाडीच्या गॅरेजात नेली आणि स्प्रिंगांच्या पोटात हवेचे फुगे बसवून आणले. "आता हादरो बसाचो नाय, आये." मागची सीटही उंच करून घेतली, तिला उठाबसायला बरी म्हणून. शिवाय दर महिन्याला गोव्यात देवदर्शन. तो विचारायचा, "कसा वाटता गो?" ती म्हणायची, "पाळण्यात बसल्यासारख्या वाटता रे."

"आमच्या कमराक कोण इचारता?" विनीता एकदा म्हणाली होती. सून जळते आहे, असं सावित्रीला वाटलं. खोटं कशाला बोला, तिला ते बरंही वाटलं.

गुरुदासने डिकी उघडायला सांगितली नाही. तो गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि चाकांकडे बघत राहिला. नाक्यावर त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. माल भरलेली गाडी मागून बसते, एवढ्यावर त्याने आजवर कितीतरी गाड्या पकडल्या होत्या.

"आजी, तुमी तिघीव मागेच बसलेल्यात ना?"

"मागेच. कित्याक?"

"मग गाडी कशी बसाक नाय? पाच माणसा घेवन ही रिकाम्या गाडयेसारखी इली."

एवढंच ना. सावित्रीला हसू आलं. सांगायची संधी आयतीच चालून आली होती, ती कशी सोडेल?

"हवेचे फुगे आसत ते. माझ्या झिलान बसवल्यान. माझ्या कमरासाठी."

"आये, गप रव," जितेंद्र म्हणाला.

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिने विनीताकडे पाहिलं. विनीता केव्हापासून जमिनीकडेच बघत होती.

गुरुदासने बंपरखाली हात घातला, चाचपून एक छोटं टोपण काढलं आणि किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबली. हवा फुसफुसत सुटली. गाडीत चिटपाखरू नव्हतं. तरी ती मागून खाली, आणखी खाली बसत गेली, चाकं निम्मी आत जाईपर्यंत. सगळा भार आता नुसत्या स्प्रिंगांवर आला होता.

मग दोघा शिपायांनी उंच केलेली सीट उचकटली. खाली दारूचे खोकेच खोके. सावित्री ज्यावर बसत होती, तिथे सगळ्यांत जास्त.

शेवंतीने तोंडाला पदर लावला. किशोरी हळूच चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. सावित्रीला त्यांचं काही वाटलं नाही. डोक्यात एकच होतं, पोराला कसं वाचवायचं. पाया पडूया, रडूया. माका कायव म्हणा, पण माझ्या झिलाक सोडा, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने हात जोडलेसुद्धा.

गुरुदासने खिशातून पेन काढलं. "गाडीचा मालक कोण?"

जितेंद्र पुढे झाला. कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलला, आणि आईकडे न बघता नुसतं बोट दाखवलं.

"यांची आहे, साहेब. कागद बघा. मी नुसता ड्रायव्हर."