आपुलकीचा 'तू'

कानाची यंत्रं विकणारी एक परदेशी कंपनी स्लोव्हाकियात आली आणि फोनवर ऑर्डर घेणारं ऑफिस तिनं आमच्या झिलिनात थाटलं. फोनवर काय बोलायचं ते हेड ऑफिसातून आमच्या भाषेत लिहून आलं होतं. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला 'तू' म्हटलेलं. त्यानं म्हणे आपुलकी वाढते.

पहिल्याच आठवड्यात तिथं फोन घेणाऱ्या झेल्मीरा कुबिशोवानं कागदावरचं वाक्य त्र्याऐंशी वर्षांच्या गेझा मास्तरांना वाचून दाखवलं. "गेझा, तुला कोणत्या कानानं कमी ऐकू येतं?"

मास्तर म्हणाले, "बाई, आपण एका वर्गात होतो का?"

ती इतकी ओशाळली की त्या दिवसापासून सगळ्यांना 'तुम्ही' म्हणू लागली. मॅनेजर राडोवाननं दोनदा हटकलं. तिसऱ्या वेळी तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"लिहिलंय तेच बोल. नाहीतर घरी बस."

"घरी माझी आई आहे. परक्या माणसानं 'तू' म्हटलं तर ती फोन आपटते," झेल्मीरा म्हणाली आणि त्याच्याकडे बघतच तिनं पुढचा फोन घेतला. "नमस्कार. तुम्हाला काय मदत करू?"

संध्याकाळी कामावरून काढल्याचं पत्र तिच्या हातात पडलं. कोट चढवून तिनं ते शेजारच्या टेबलांवरच्या मुलींना मोठ्यानं वाचून दाखवलं.



"'आदरणीय श्रीमती कुबिशोवा, आपणांस कळविण्यात येते की...' बघा गं, येतं की यांना."