तांबड्या रेघा

पाटीला पुन्हा कोणीतरी काळं फासलं होतं. वकीलबाईंनी ते ओल्या फडक्याने पुसलं, हात धुतले आणि आत येऊन कारकुनाला म्हणाल्या, "तुम्ही ऐका. मी थांबते."

साठी उलटलेला कारकून डोळे मिटून ध्वनिफीत ऐकू लागला. सहा वर्षांच्या मुलीचा जबाब होता, आणि आरोप होता पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांवर. उद्या अटकपूर्व जामिनाची सुनावणी. शहरातल्या एकाही वकिलाने मास्तरांना दारात उभं केलं नव्हतं. बाईंनीही हात झटकले की मास्तर आत जाणार, हे उघड होतं.

बाईंची रीत ठरलेली होती. कारकुनाने मुलाचा शब्द न् शब्द उतरवायचा आणि जे बोलणं मुलाचं वाटत नाही, त्याखाली तांबडी रेघ मारायची. रेघ नसली तर फाइल परत. या वर्षी तीन गेल्या होत्या. त्यातला एक आरोपी तर बडी असामी होता, त्यालाही बाईंनी दारातूनच वाटेला लावलं होतं. पण हे लोकांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी बाई म्हणजे नराधमांची वकील.

कारकून स्वतः कधी कोर्टाची पायरी चढत नसे. ही विद्या त्याला कुठून आली, तेही बाईंशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

आज कागद तांबडाच होऊन गेला. "'माझ्या असहायतेचा फायदा घेतला,'" कारकुनाने वाचून दाखवलं. "तीनदा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

तेवढ्यात बाईंची आई आली. ती आली की कारकून चहाचं निमित्त काढून सटकायचा; तो कामाला लागल्यापासून सात वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. आजही तो उठला, पण बाईंनी खुणेनेच त्याला बसवलं. तो कपाटाकडे तोंड करून कागद लावत बसला.

आईने हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. नात्यात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, ही केस सोड, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

"दुसऱ्या कोणी घेतली असती तर समजले असते. तुझ्यावर स्वतःवर बेतलं होतं, सातव्या वर्षी. विसरलीस?"

"काहीच विसरले नाही. म्हणून तर लढते."

"त्याला शिक्षा झाली म्हणून तू सावरलीस. आणि आता तसल्यांची बाजू घ्यायला तुझी जीभ रेटते?"

बाईंच्या कानशिलांत आग उसळली. त्यांनी मास्तरांचं वकीलपत्र पुढे ओढलं आणि सही ठोकली. "उद्या साडेदहाला मी उभी राहणार. पाटीला काळं फासा, नाहीतर मला फासा."

आई दाराकडे वळली.

"थांब. जाण्याआधी ह्यांना भेट. माझ्याकडे येण्याआधी ह्यांनी नऊ वर्षं तुरुंगात काढली."

कारकुनाने चष्मा काढून मान वळवली. आईने दाराची कडी घट्ट धरली.

"आपले शेजारचे काका," बाई म्हणाल्या. "कुंपणाच्या भांडणापायी तू चार दिवस माझ्याकडून जो जबाब घोकून घेतलास ना, पहिली तांबडी रेघ आम्ही त्याच्याखाली मारली."